कोऱ्या पत्तीचा सूर

मी एक जुनी बाजाची पेटी आहे, लालबर्रा गावातल्या तेजरामच्या घरची. मित्रांनो, तुमच्या जगात म्हणे सगळ्यांना मिळून सातच स्वर! आमच्या जगात घरात जितकी माणसे, तितके स्वर. बाळ पहिल्यांदा रडते, त्या रडण्यावरून माझ्यातली एक पितळी पत्ती कानशीने घासून जुळवतात. माणूस जन्मभर त्याच स्वरात गातो. पूर्वी बारशाला मला झेंडूची माळ घालून मधोमध मांडत. मग बरीच वर्षे घरात बाळच आले नाही आणि माझ्या डोक्यावर धानाची पोती आली.

गेल्या पौषात मला झटकून जीपमध्ये घातले आणि बालाघाटच्या दवाखान्यात आणले. तेजरामच्या बायकोला, मंजूला, दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली होती आणि ती रडलीच नव्हती. श्वास चालू होता, आवाज नव्हता. सूर जुळवणारे म्हातारे महागू कानस घेऊन व्हरांड्यात बसले. मला फार भीती वाटत होती.

दुपारी तेजरामचा धीर सुटला. “महागूकाका, माह्या सुराच्या जवळपासचा काढून द्या. बिनसुराचं लेकरू टिकत नाही म्हन्तेत.”

कानस माझ्या कोऱ्या पत्तीला टेकली. घासलेले पितळ परत येत नाही, मित्रांनो. चुकीचा स्वर पडला असता, तर ती पोर जन्मभर दुसऱ्याच्या आवाजात गायली असती. मला ओरडायचे होते. पण कुणी भाता ओढल्याशिवाय मला आवाज कुठला?

तेवढ्यात मंजू भिंत धरत बाहेर आली. पोर तिच्या छातीशी होती आणि मागून नर्सबाई ओरडत होती.

“कानस उचला जी! उसना सूर नोको माह्या पोरीले. घाई काहून करून राह्यले?”

त्या गलक्याने पोर रडली. बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. महागूंनी कान लावून पत्ती जुळवली. मग एका घरातले स्वर जुळतात का हे बघायला बापलेकीचे स्वर एकत्र वाजवले. कानाला खुपेल असा आवाज आला.

“हे तं माह्या सुराशी खटकून राह्यलं,” तेजराम म्हणाला.

“मंग कोनाचा घासू, बापू? तिचा का तुमचा?”

मोठ्या माणसाचा स्वर आमच्याकडे कधीच कुणी घासत नाही. तेजरामने आपल्या पत्तीवर बोट ठेवले.

“माहा घासा,” तो म्हणाला.

आता तो नव्या स्वरात गायला शिकतो आहे आणि रोज चुकतो. मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आले, तर कानस आधी स्वतःला लावा. आणि माझा भाता जरा हळू ओढा. तिची पत्ती फार पातळ आहे, आणि मला अजून भीती वाटते.