तिसऱ्या मजल्यावरचा सलोखा

पालिकेच्या सलोखा योजनेत ताई नोकरीला लागली तेव्हा तिला वाटलं, हे काम आपण जन्मापासून करत आलोय. घरात भावंडं पुष्कळ, त्यातली ही मधली. वरच्यांचं खालच्यांना आणि खालच्यांचं वरच्यांना समजावण्यातच तिचं लहानपण सरलं होतं. त्याचा कुणी कधी पगार देईल, हे मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

योजना समजायला सोपी होती. इमारतींमधली भांडणं पोलिसांपर्यंत जायच्या आत जिन्यातच मिटवायची. त्यासाठी पालिकेनं मानसशास्त्र शिकलेला एक मुलगा नेमला होता. वयानं ताईच्या भाच्याएवढा, पण सगळे त्याला सर म्हणत, म्हणून तीही म्हणायची. सरांचं म्हणणं असं की माणूस एकट्यानं आजारी पडत नाही, त्याच्याबरोबर त्याचा जिनाही थोडा आजारी असतो, आणि औषध जिन्याला द्यायला हवं. ताईला हे इतकं पटलं की तिनं ते घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं. नवरा म्हणाला, "मग आपल्या जिन्याला आधी एक बल्ब दे म्हणावं."

तिसऱ्या मजल्याची तक्रार घेऊन एक सून आली. औषधांच्या कारखान्यात ती रात्रपाळी करायची. डोळ्यांखाली काळं, हातात डब्याची पिशवी, आणि बोलताना मधेच जांभई.

"माझे सासरे आणि समोरच्या बाई, ताई. रोज सकाळी. मी येऊन अंग टाकते, डोळा लागतो न लागतो तोच यांचं सुरू. कशावरून, तर पॅसेजच्या खिडकीवरून. त्या उघडतात, हे लावतात. मी आता खिडकीतून उडीच मारेन, पण ती नेमकी कुणीतरी लावलेली असेल."

ताई हसली आणि तिला मनापासून वाईटही वाटलं. झोपेचं दुःख तिला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती त्या जिन्यात गेली आणि अर्धा मजला खाली, कठड्याला टेकून उभी राहिली.

वर एक उंच, हाडकुळी म्हातारी खिडकीची कडी काढत होती. ही जन्मभर इस्पितळात नर्स होती, अजून सगळे तिला सिस्टर म्हणत. घरात एकटीच. समोरच्या दारातून बनियनवर स्वेटर चढवलेला एक गृहस्थ बाहेर आला. टपाल खात्यात पत्रं निवडण्याचं काम करून निवृत्त झालेला. सिस्टर त्याला पोस्टमास्तर म्हणायची, आणि ते कौतुकानं नव्हे.

"उघडली का परत?"

"उघडली. तुमच्या घराला हवा लागावी म्हणून. आतून डबक्यासारखा वास येतो."

"आमच्या घराचा वास घ्यायला तुम्हाला कुणी नेमलंय?"

"वॉर्ड सांभाळलेत मी. नाक आपोआप काम करतं."

"वॉर्डातले लोक बिचारे आडवे असायचे, म्हणून तुमचं ऐकून घ्यायचे."

"आणि पत्रांना तोंड नसतं, म्हणून तुमचं निभावलं. पोस्टमास्तर म्हणे. आयुष्यभर पाकिटं या खोक्यातून त्या खोक्यात टाकली."

"टाकली ना. एक चुकीच्या खोक्यात गेलं असेल तर दाखवा."

"काल भाजी करपली ती कुठल्या खोक्यात टाकली?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"खिडकी उघडी होती म्हणून."

पोस्टमास्तर पुढे झाला आणि त्यानं खिडकी धाडकन लावली. सिस्टर म्हणाली, "खोकला कमी झालेला दिसतोय. नाहीतर एवढा जोर कुठून येणार." तो म्हणाला, "तुमच्या कानांना तेवढाच आराम." आणि दोन्ही दारं एकाच वेळी आपटली. आत कुठेतरी सून उशीत तोंड खुपसून काहीतरी म्हणाली.

ताईनं ते सगळं टिपून घेतलं. खोकल्याचं वाक्य तिनं टोमण्यांत घातलं.

कार्यालयात सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "या दोघांना काय हवंय, ते विचारलंत का?"

"शांतता, सर. या वयात आणखी काय हवं असणार?"

"त्यांनी तसं सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी ऐकून आले ना."

सरांना अजून विचारायचं होतं. पण ताईचा हात या कामात चांगला बसला होता, तिचे जिने एकामागून एक शांत होत होते, आणि प्रत्यक्ष जाऊन आलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा हे त्यांचं तत्त्वच होतं. ते म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही म्हणता तसं."

पुढे कित्येकदा ताईला हा प्रसंग आठवला. प्रश्न विचारला गेला होता. तिच्याच तोंडावर विचारला गेला होता.

बैठका तळमजल्यावरच्या सभागृहात झाल्या. तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे स्टूल, स्टुलावर पाण्याची बाटली. पद्धत सरांनी शिकवलेली: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. पोस्टमास्तर पहिल्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. सिस्टरनं केस चापूनचोपून बांधले होते.

"सिस्टर म्हणतात," पोस्टमास्तर स्टुलाकडे बघत म्हणाला, "की माझ्या घरात वास मारतो."

"त्यांच्या मनात काय आहे, ते बघा," ताई म्हणाली. "त्यांना काय वाटतं?"

"त्यांना मजा वाटते."

"काळजी वाटते, असं म्हणू या का?"

नवी चप्पल घालून चालावं तसा पोस्टमास्तर त्या शब्दावरून चालला. "काळजी. वाटते. असं त्यांचं म्हणणं."

सिस्टरचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "हे सगळं असं बोलायचं असतं का, ताई?"

"सवय होईल."

आणि खरंच झाली. ताई चिकाटीची होती. चौथ्या-पाचव्या बैठकीपर्यंत दोघं एकमेकांना "आपण" म्हणू लागली. सकाळी आवाज चढवायचा नाही, विनाकारण दुसऱ्याचं दार वाजवायचं नाही, असं ठरलं. खिडकीचा प्रश्न तर ताईनं मुळापासूनच सोडवला. किरकोळ दुरुस्तीच्या निधीतून तिनं सुतार आणला आणि जुनी खिडकी काढून नवी बसवून घेतली. वर काचेच्या तिरक्या पट्ट्या, सतत हवा येईल पण धूळ येणार नाही अशा. खाली पक्की काच. कडी नाही, बिजागरी नाही, उघडायलाही नको आणि लावायलाही नको. सुतार म्हणाला, "आता हिला कुणी हात लावायची गरजच नाही." ताई त्याला म्हणाली, "अगदी तसंच हवंय."

सून ताईसाठी पेढ्यांऐवजी स्वतःची झोप दाखवायला आली. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. "देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. योजनेच्या वार्षिक कार्यक्रमात ताईला मंचावर बोलावून फुलांचा गुच्छ दिला, आणि मागच्या पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीचा फोटो दाखवला. खिडकीच्या एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला पोस्टमास्तर. दोघंही पासपोर्टच्या फोटोसारखी.

काही महिन्यांनी पाहणी करायची असते, म्हणून ताई परत गेली. सिस्टरनं दार उघडायला वेळ लावला. बोलायला तोंड उघडलं तर आधी नुसती घरघर निघाली. तिनं घसा खाकरला.

"सर्दी झाली का?"

"नाही हो. वापरात नाही." सिस्टरनं गळ्याला हात लावला. "दिवसदिवस बोलायचं काम पडत नाही. मग किल्ली अडकल्यासारखं होतं."

"टीव्ही लावत जा की."

"लावते. पण त्याला काही बोललं तर तो आपलंच पुढे रेटतो."

ताई हसली. सिस्टरही हसली, पण उशिरा. मग दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत तिनं विचारलं, "तो सुतार परत येणार आहे का कधी?"

"का? काही बिघडलं?"

"नाही. काम पक्कं केलंय."

समोरच्या दारात पोस्टमास्तरची दाढी वाढलेली होती. स्वेटरवर चहाचा डाग होता. "सकाळी लवकर उठून करायचं काय?" तो म्हणाला. "मी आपला पडून राहतो. सगळं शांत आहे, ताई. काही तक्रार नाही."

काही तक्रार नाही, असं ताईनं मनातल्या मनात म्हणून घेतलं आणि जिना उतरली. खालच्या मजल्यावर तिचं पाऊल थोडं रेंगाळलं, हे खरं. पण पुढच्या इमारतीत नळावरून मारामारीपर्यंत आलं होतं, आणि तिथे लोक वाट बघत होते.

सिस्टर न्हाणीघरात पडली ती थंडीच्या दिवसांत. मांडीचं हाड मोडलं. सकाळी पडली ती दुसऱ्या सकाळपर्यंत ओल्या फरशीवरच होती. मीटर बघायला आलेल्या माणसानं बेल वाजवली, आतून काहीतरी ठोकल्यासारखा आवाज आला, म्हणून कळलं.

ताई धावत गेली तेव्हा सिस्टरला इस्पितळात नेऊन झालं होतं. दार तोडलेलं होतं. पॅसेजमध्ये पोस्टमास्तर खुर्ची टाकून बसला होता, स्वतःच्या दारात नव्हे, तिच्या.

"मी दोनदा आलो होतो," ताईनं काही विचारायच्या आधीच तो म्हणाला. "नळ चालू राहिल्यासारखा वाटत होता. दारापर्यंत आलो, हात वर केला. मग आठवलं, विनाकारण वाजवायचं नाही. कारण काय सांगणार होतो? नळ वाहतोय म्हणून? त्यांना वाटलं असतं, परत याचं सुरू झालं."

ताईनं तोडलेल्या दाराकडे पाहिलं.

"पूर्वी बरं होतं," तो सावकाश म्हणाला, जणू कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगतोय. "खिडकी उघडल्याचा आवाज आला की कळायचं, उठल्या. एकदा नव्हती उघडली. मी जाऊन दार बडवलं. अंगात ताप होता, तरी मला म्हणतात कशा, जिवंत आहे, निराश होऊ नका. मग सुनेनं काढा करून दिला, तो कडू आहे म्हणून आठवडाभर ऐकवलं मला." त्यानं स्वेटरची बाही ओढली. "माझंही तसंच. मी खिडकी लावायला उशीर केला की त्या बाहेरूनच विचारायच्या, काय, आज संप आहे का?"

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही भांडणाचं विचारत होता," पोस्टमास्तर म्हणाला. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. म्हणूनच ताईला ते सोसवेना.

सिस्टरचा एक पुतण्या होता, लांबच्या शहरात. तो येऊन सगळं आवरायला लागला. काकूला आता एकटं ठेवता येणार नाही, घर रिकामं करून चावी परत देऊ, असं त्यानं ठरवलं. माणूस वाईट नव्हता. आपल्या घरी त्यानं खालची खोली मोकळी केली होती.

नेण्याच्या आदल्या दिवशी ताई पोस्टमास्तरला घेऊन इस्पितळात गेली. वाटेत रिक्षात ती त्याला म्हणाली, "मोकळेपणानं बोला. पूर्वी बोलायचात तसं." तो मान हलवत राहिला. त्यानं दाढी केली होती. हनुवटीला कापलंही होतं.

वॉर्ड लांबट होता, पलंग एका रांगेत. सिस्टर उशांना टेकून बसली होती. ज्या वॉर्डांतून ती आयुष्यभर चालली त्यातल्याच एका पलंगावर ती आता पुरती सामावली होती, जागाही उरली होती. पोस्टमास्तरला बघताच तिनं पदर सारखा केला आणि ओठ घट्ट मिटले. ते ओठ ताईला ओळखीचे वाटले. काहीतरी धारदार येणार, अशी आशा तिच्या मनात उभी राहिली.

"तब्येत कशी आहे आपली?" पोस्टमास्तरनं विचारलं.

"बरी आहे. आपली?"

"बरी आहे."

तो पलंगाच्या पायथ्याशी उभा, दोन्ही हात एकमेकांत. शेजारच्या पलंगावरची बाई संत्रं सोलता सोलता बघत होती. शेवटी ताईलाच राहवेना. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते तिनं केलं, काडी लावली.

"सिस्टर, ऐकलंत का? रिक्षात हे म्हणत होते, खिडकी बंदच बरी होती. तुमच्या हवेनंच म्हणे यांचा खोकला वाढायचा."

सिस्टर उशीवरून किंचित पुढे आली. डोळ्यांत काहीतरी पेटलं. तिनं पोस्टमास्तरकडे पाहिलं.

"नाही, नाही," पोस्टमास्तर घाईघाईनं म्हणाला. "मी असं बोललो नाही, ताई. सिस्टरचं म्हणणं मला समजलंय. हवा हवीच. त्यांचंच बरोबर होतं. पहिल्यापासून त्यांचंच बरोबर होतं."

सिस्टर मागे टेकली. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग घरघरत्या आवाजात, अगदी हळू म्हणाली, "असं म्हणू नका हो."

त्याला वाटलं, ती संकोचानं म्हणतेय. म्हणून त्यानं तेच पुन्हा, अधिक नम्रपणे सांगितलं.

भेटीची वेळ संपली. दाराशी त्यानं वळून हात जोडले. तिनंही जोडले. खाली रस्त्यावर रिक्षाची वाट बघताना त्यानं रुमालानं हनुवटी टिपली आणि विचारलं, "ताई, मी काही चुकीचं बोललो का? त्यांनी तोंड फिरवलं."

ताईनं येणाऱ्या रिक्षाला हात केला.

"आपण ठरवलं होतं, तसंच बोललो ना मी?"

"हो," ताई म्हणाली. "अगदी तसंच."