कानात काही नाही

आत्याने काड्यापेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घे, तुझा पाहुणा. आज माझ्या उशीवर मुक्कामाला होता."

भाचीने पेटी अलगद उघडली. आत कानकिडा होता. बोटाच्या पेराएवढा, तांबूस, चकचकीत, आणि शेपटीच्या टोकाला बारीकसा चिमटा. भाचीचा चेहरा खुलला. ती निसर्ग संग्रहालयात किड्यांच्या दालनात काम करत होती. तिथे येणारी पोरं तिला किडेताईच म्हणत, आणि ते नाव तिला मनापासून आवडायचं.

"अगं, मादी आहे ही! चिमटा सरळ आहे ना, म्हणजे मादी. नराचा वाकडा असतो."

"नर असो नाहीतर मादी, माझ्या कानात काय करत होती ते विचार तिला."

"कानात?"

"उठल्यापासून डाव्या कानात काहीतरी वळवळतंय. कापूस कोंबल्यासारखा झालाय कान. आणि उशीवर हा बसलेला. नावच कानकिडा, मग आणखी काय पाहिजे?"

भाचीला हसू आवरलं नाही. ते हसू वाईट नव्हतं. आयुष्यभर जो गैरसमज खोडत आली तो आपल्याच स्वयंपाकघरात निघाला, याचं ते हसू होतं. तिने आत्याला खुर्चीत बसवलं, मोबाइलचा दिवा लावून कानात पाहिलं आणि कान ओढून पुन्हा पाहिलं.

"आत्या, कानात काही नाही. लख्ख आहे."

"पण आवाज येतोय."

"कानकिडा कानात जात नाही गं. नाव पडलं आणि बिचारा बदनाम झाला. काल तू बाल्कनीतले कपडे काढलेस, त्यातून आला असेल. त्या डेलियांच्या कुंड्यांत डझनभर असतील."

"नावं काही उगाच पडत नाहीत, चिमे," आत्या म्हणाली. पण फार ताणून नाही धरलं तिने. पेटीतली मादी भाचीने कुंडीत सोडून दिली आणि दोघी चहा प्यायल्या.

आत्या पियानो सुरात लावायची. चामड्याची जुनी बॅग, तिच्यात सूरकाटा, खुंट्या पिळायची किल्ली, तारांमध्ये दाबायच्या लोकरीच्या पट्ट्या, एवढ्या भांडवलावर तिने उभं आयुष्य काढलं होतं. त्याच भांडवलावर भाचीलाही वाढवलं होतं. भाचीची आई गेली आणि वडिलांनी वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला, तेव्हा आत्याने भावाला एका शब्दाने दोष न देता पोरीचे कपडे बांधले आणि म्हणाली, "ही माझ्याकडे राहील." भाची लहान असताना पियानोंच्या खाली बसून अभ्यास करायची. वर आत्या एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवायची, तार किंचित पिळायची, मान तिरकी करून ऐकायची. एवढं ऐकून भाचीला सूर काही कळला नाही. "माझी भाची म्हणजे गाढवापुढे वाचली गीता," असं आत्या कौतुकाने सांगायची.

त्या आठवड्यात आत्याने कानाचा विषय आणखी दोनदा काढला. एकदा म्हणाली, "आतून वाळू सरकल्यासारखं होतंय." भाचीने, "सर्दी असेल, वाफ घे," म्हणून गरम पाणी करून दिलं. पुढच्या वेळी आत्या म्हणाली, "किडा नसेल गं, पण काहीतरी आहे." भाची तेव्हा रविवारच्या कार्यक्रमाची तयारी करत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "तुझ्या डोक्यात किडा शिरलाय, कानात नाही." स्वतःच्या विनोदावर ती खूश झाली. इतकी, की तो तिने बाजूला टिपून ठेवला.

रविवारचा कार्यक्रम कानकिड्याच्या नावाचाच होता. सभागृह भरलं होतं, आईवडील, पोरं, काही म्हातारे. किडेताई रंगात आली. कुठल्या कुठल्या देशांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या भाषांत, या किड्याच्या नावात कानच कसा आहे ते तिने सांगितलं. लोक गवताच्या गाद्यांवर झोपायचे तेव्हा हा गवतात असायचा, तिथून ही भीती आली असेल, असं काही जण म्हणतात. काही जण म्हणतात, याचा मिटलेला पंख उलगडला की हुबेहूब कानासारखा दिसतो, म्हणून ते नाव. एका भाषेत याला 'कान टोचणारा' म्हणतात. "आमच्याकडे ते काम मास्तर करायचे," ती म्हणाली आणि पालक हसले. एका भाषेत डोक्यात घोळत राहणाऱ्या गाण्यालाही याच किड्याचं नाव आहे. आणि गंमत म्हणजे, जुन्या काळचे वैद्य हाच किडा वाळवून, कुटून बहिऱ्यांच्या कानात घालायचे.

"आणि तुम्ही म्हणाल, आता कोण मानतं असलं? तर ऐका," किडेताई म्हणाली. "माझी आत्या. पियानो लावते. या शहरात तिच्याइतका तयार कान कुणाचा नसेल. ती परवा मला काड्यापेटी घेऊन म्हणते, हा माझ्या कानात शिरला होता! मी दिवा लावून पाहिलं. किडा कानात नव्हता, डोक्यात होता!"

सभागृह खो खो हसलं. तिने आत्याची तिरकी मान आणि बारीक केलेले डोळे यांची नक्कल करून दाखवली, तेव्हा तर पोरं खुर्च्यांवरून खाली यायची बाकी होती. त्या वर्षातला तिचा सगळ्यात चांगला कार्यक्रम झाला.

घरी आली तेव्हा आत्या भाजी चिरत होती.

"कसा झाला?"

"जबरदस्त! तू यायला हवं होतंस."

आत्या भाजी चिरत राहिली. पुढचे बरेच दिवस तिने कानाचं नाव काढलं नाही. एकदा भाचीनेच विचारलं, "गेला का गं किडा?" आत्या म्हणाली, "हं." भाचीला वाटलं, पटलं एकदाचं. तिला बरंही वाटलं. आत्या टीव्हीचा आवाज वाढवते, रस्त्यात हाक मारली तर भलत्याच दिशेला वळते, हे तिच्या डोळ्यांसमोर होत होतं. पण तिने तिकडे कानाडोळा केला. मुद्दाम नाही. तिच्यापुरता तो विषय मिटला होता, एवढंच.

मग संगीतशाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. भाचीच्या कामाच्या जागी आला, हेच तिला विचित्र वाटलं.

"राग मानू नका," बाई चाचरत म्हणाल्या. "तुमच्या आत्या परवा आमचा मोठा पियानो लावून गेल्या. मधले सूर उत्तम आहेत. वरची पट्टी मात्र... मुलांनासुद्धा कळतंय हो. त्यांना कसं सांगू? वीस-पंचवीस वर्षं आमचा पियानो त्यांच्याच हातात आहे. त्यांची तब्येत बरी आहे ना?"

भाचीने फोन ठेवला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी गेली. आत्या बाल्कनीत डेलियांची सुकलेली पानं काढत होती, पाठमोरी. भाची तिच्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि हळू म्हणाली, "आत्या." मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. तेव्हा आत्या दचकली आणि उजवीकडे वळून शोधू लागली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरची खाली घसरत गेलेली रेघ दाखवली.

"आतल्या नसेचं दुखणं आहे. कधीकधी एका दिवसात असा कान जातो. बाहेरून कितीही पाहिलं तरी काही दिसत नाही. तुम्हाला त्रास कधीपासून आहे?"

आत्याने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

"पहिल्या आठवडाभरात, फार तर दोन आठवड्यांत आलात तर औषधाचा पुष्कळ उपयोग होतो. आता आपण देऊ, पण फार आशा ठेवू नका. तेव्हाच का नाही आलात?"

भाची खुर्चीत आक्रसली. आता आत्या सांगणार, या बाईंना सगळं सांगणार. सांगावंच तिने.

"कामं होती," आत्या म्हणाली.

गोळ्यांचा कोर्स झाला, कानात इंजेक्शनं झाली. थोडं परत आलं. दरवाजा वाजला तर कळायचं. पण त्या कानाला प्रत्येक सूर फाटका आणि खाली उतरलेला ऐकू यायचा. उजव्या कानाला एक, डाव्याला दुसरा. "डोक्यात दोन पियानो ठेवलेत कुणीतरी," आत्या म्हणायची, "आणि एक भाड्याचा आहे."

भाचीला जेवण जाईनासं झालं. दिवसा संग्रहालयात कानकिड्याच्या काचपेटीपुढून जाताना ती मान खाली घालायची. तिने सांगितलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हेच तिला सगळ्यात जास्त खात होतं. किडा कानात जात नाही, हे खरं. कान स्वच्छ होता, हे खरं. किड्याविषयी ती शंभर टक्के बरोबर होती, आणि त्या नादात समोर बसलेली बाई काय सांगतेय ते तिने ऐकलंच नव्हतं.

एका सुट्टीच्या दुपारी तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"आत्या, मला काही सांगायचंय. तुझं दुखणं मी हसण्यावारी नेलं, ते तर तुला माहीतच आहे. पण आणखी एक आहे. रविवारच्या कार्यक्रमात मी..."

"मी होते तिथे," आत्या म्हणाली.

भाचीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मागच्या दाराशी उभी होते. जागा नव्हती ना बसायला." आत्या ताटातल्या पावाचा तुकडा मोडत होती. "त्या दिवशी फोन वाजला म्हणून डाव्या कानाला लावला. मला वाटलं, फोन बंद पडला. मग उजव्याला लावला, तर पलीकडचा माणूस ओरडून ओरडून थकलेला. घाबरले मी. म्हटलं, चिमीला सांगावं, ती घेऊन जाईल कुठेतरी. तशीच आले. तू माझ्यावरच बोलत होतीस."

"आणि तू परत गेलीस?"

"मग काय, पुढे येऊन नमस्कार करू? नक्कल चांगली केलीस तू. शेजारचा माणूस डोळे पुसत होता हसून."

"त्या दिवशी घरी का नाही बोललीस? निदान दुसऱ्या दिवशी..."

"लाज वाटली." आत्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "सूर ओळखून पोट भरलं मी. कान गेला हे कुणाला सांगणार? ज्या एकीला सांगायचं, तिने गावभर हसं केलेलं. म्हटलं, असेल डोक्यातच. तू शिकलेली आहेस, तू बघितलंस म्हणजे नसेल काही."

भाची रडायला लागली. आत्याने तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. एरवी साध्या खरचटण्यालाही धावणारी बाई, ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "माफ कर असं आत्ता म्हणू नकोस. म्हणशील तर मी हो म्हणेन, आणि ते खोटं असेल. जेव आधी."

त्यानंतर भाचीने सेवेचा सपाटाच लावला. आत्याची बॅग उचलायची, तिचे फोन घ्यायची, रस्ता ओलांडताना तिच्या डाव्या बाजूने चालायची. दर दोन दिवसांनी डोळे भरून, "माझ्यामुळे झालं गं," म्हणायची. अखेर एका सकाळी आत्याने कप आपटला.

"बस कर! तुझं हे पडलेलं तोंड बघत मला चहासुद्धा गोड लागत नाही. वाईट वाटतंय ना तुला? वाटू दे, वाटायलाच हवं. पण ते सारखं माझ्यापुढे आणून ठेवू नकोस. कान माझा गेला, आणि समजूतही मीच काढायची तुझी? हे कुठलं गणित?"

भाचीने तेव्हापासून ते बोलणं सोडलं. स्वतःचं ओझं स्वतःपाशी ठेवायचं, एवढंच तिच्या हाती राहिलं होतं.

पियानोचं काम आत्याने सोडलं नाही. तिने वेगळीच वाट काढली. शहरात आणखी एक पियानो लावणारा होता, थुलथुलीत, बडबड्या माणूस. आत्या त्याला इतकी वर्षं 'तो सुतार' म्हणत आली होती. "खुंटी पिळतो की पाचर ठोकतो, देव जाणे." त्यालाच तिने निरोप धाडला, मधले नि खालचे सूर माझे, वरचे तुझे, पैसे अर्धे अर्धे. सुताराने आढेवेढे घेतले नाहीत. उलट पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, तुमच्या शेजारी बसून शिकायची माझी फार दिवसांची इच्छा होती. तुम्ही उभं करत नव्हता."

संगीतशाळेचा पियानो त्यांनी दोघांनी मिळून पुन्हा लावला. संध्याकाळी भाची आत्याला न्यायला गेली, तेव्हा खिडकीतून भांडण ऐकू येत होतं.

"चढलाय तो!"

"बाई, बरोबर आहे तो."

"मला शिकवतोस? उजवा कान शाबूत आहे अजून!"

मग एकच सूर, पुन्हा तोच सूर, आणि दोघांचं हसणं. आत्या कितीतरी दिवसांनी अशी हसत होती. मुख्याध्यापिका पायरीवर येऊन भाचीशेजारी उभ्या राहिल्या.

"बघा, वाईटातून चांगलं निघतं ते असं. त्यांना सोबत मिळाली. बरंच झालं नाही एका अर्थी?"

भाची हसली, कारण हसणं भाग होतं. तिला हो म्हणता आलं नाही. मुख्याध्यापिका आत गेल्यावर ती फाटकापाशी उभी राहिली. काम संपेपर्यंत आत जायचं तिने टाळलं.