पंचवीस वर्षं मुरलेली

जर्मनीतल्या येनामध्ये आयुष्यभर भिंगं तपासून निवृत्त झालेल्या आत्माराम दीक्षितांची नजर कशालाच सोडत नसे. निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना स्कॉटलंडमधल्या स्पेसाइडची एक सिंगल माल्ट व्हिस्की दिली होती. शेरीच्या पिंपात पंचवीस वर्षं मुरलेली, काळसर मधाच्या रंगाची. नातवंड झालं की उघडू, म्हणून त्यांनी ती आतल्या खोलीत हायझुंगवरच्या, म्हणजे खोली तापवणाऱ्या रेडिएटरवरच्या फळीवर जपून ठेवली.

२०१६च्या नोव्हेंबरात त्यांना बाटली जरा उतरलेली वाटली. सील तर शाबूत होतं. पण दर शनिवारी लाइपझिगहून मुलगी ऊर्मिला आणि जावई शार्दूल येत, आणि शार्दूल फोनवर बोलायला नेमका त्याच खोलीत जाई, दार लोटून. इंजिनिअर माणूस, सील पुन्हा चिकटवणं त्याला काय जड! आत्मारामांनी लेबलावर पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. महिन्याभराने व्हिस्की रेघेच्या खाली होती. एकदा तर खोलीत मनुकांचा, जुन्या लाकडाचा मंद वास आला. आता शंकाच उरली नाही.

पुढच्या शनिवारी चहा घेताघेता ते म्हणाले, "शार्दूलराव, हवी होती तर मागायची. चोरून कशाला?"

शार्दूलने कप खाली ठेवला. "काय चोरलं मी, बाबा?"

आत्मारामांनी बाटली आणून रेघ दाखवली. ऊर्मिलाचा चेहरा पडला. शार्दूलने बाटली हातात घेतली, झाकणाजवळ नाक नेलं आणि ती त्यांच्यापुढे धरली. सीलच्या कडेतून वास येत होता.

"बूच वाळलंय," तो म्हणाला. "खाली हायझुंग. पिंपातही दरवर्षी थोडी उडतेच, पण तिथे ती मुरत तरी असते. बाटलीत नुसती उडते."

आत्मारामांनी सील फाडलं. बुचाचा हातातच भुगा झाला. चहाच्या गाळणीने गाळून त्यांनी दोन ग्लास भरले. मनुका, संत्र्याची साल, ओलं लाकूड; धार जरा बोथटलेली, पण चव जिभेवर रेंगाळत होती.

"चुकलो मी," ते म्हणाले.

शार्दूलने ग्लास संपवला, "छान आहे" म्हणाला आणि जेवायला न थांबता चारची गाडी धरली. पुढचे दोन शनिवार ऊर्मिला एकटीच आली. तिसऱ्या शनिवारी शार्दूलही आला. फोन वाजला, तेव्हा तो सगळ्यांसमोरच बोलत बसला.