पाटलांची पायली

नाटक चिनी आहे, एवढी एकच गोष्ट श्यामलाबाईंना सुरुवातीला खटकली होती. बाकी सगळं त्यांनी स्वतःच जमवून आणलं.

श्यामलाबाई कोल्हापुरात मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. घरी बसवेना, म्हणून रोज सकाळच्या एसटीनं राधानगरी रस्त्यावरच्या एका गावी जाऊ लागल्या. तिथं हंबीरराव पाटलांचं बंद गुऱ्हाळ होतं. ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून त्याचं चुलाण थंड पडलेलं. त्या गुऱ्हाळघरात बाई तेवीस पोरांना शिकवत. सगळी पाटलांच्या वाटेकऱ्यांची आणि रोजगारी माणसांची पोरं. सकाळी ती गुरांमागं, दिवस कलल्यावर वैरणीला. सरकारी शाळेची वेळ त्यांच्या पोटाच्या वेळेशी कधी जुळलीच नाही. अकरा ते तीन एवढीच त्यांना सवड, आणि ही एवढीच त्यांची शाळा.

जागा पाटलांनी फुकट दिली होती. "शिकवा की, बाई. उंदरं नाचत्यात तितं. त्यापरास पोरं नाचूद्यात," असं म्हणून ते मोठ्यानं हसले होते. बाईंनी त्या दिवशी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

गुऱ्हाळघराच्या कोपऱ्यात पितळी पट्ट्या मारलेली एक लाकडी पायली पडलेली असे. सुगीला पाटलांच्या वाट्याचं भात वाटेकरी तिथंच आणून घालत, आणि ते या पायलीनं मोजून घेतलं जाई. एरवी बाई तीत वाळू भरून पोरांना अर्धं, पाव, पाऊण शिकवत. पोरांना अपूर्णांक कागदावर कळत नसे, पायलीत लगेच कळे.

बाईंचा धाकटा भाऊ माधव कोल्हापुरात कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. त्यानं कुठल्याशा चिनी नाटकाचं इंग्रजी पुस्तक मिळवून ते मराठीत आणलं. गोष्ट एका भातगिरणीची. गिरणीवाला शेतकऱ्यांचं भात मापात मारून घेतो. संध्याकाळी घरी जाताना कामकरी बायकांना तोंड उघडून दाखवायला लावतो, कुणी दाणा चोरला का बघायला. एका लहान पोरीच्या गालात चार दाणे सापडतात, आणि तो तिला काठीनं मारून टाकतो. शेवटी कामकरी त्याला भाताच्या ढिगात गाडतात. तो गुदमरून मरतो आणि पडदा पडतो.

कोल्हापुरात प्रयोग झाला तेव्हा नाट्यगृह निम्मं भरलं होतं. मध्यंतरात एक वकील माधवला म्हणाले, "माझा भाचा बासष्टच्या चीन युद्धात नेफाच्या सरहद्दीवर पडला. आणि तुम्ही चिन्यांचं नाटक करता?"

"गिरणीवाला सगळीकडे सारखाच असतो, काका," माधव म्हणाला.

"हे तुम्ही त्याच्या आईला सांगून या," असं म्हणून ते उठून गेले. बाकीच्यांना मात्र नाटक आवडलं. बायकांनी पोरीच्या मरणाला डोळे पुसले, आणि शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग चपला शोधत, रिक्षावाल्याशी हुज्जत घालत मंडळी घरी गेली. माधव खट्टू झाला. "अक्का, ह्यांना काही झालंच नाही गं. हे नाटक ज्यांचं आहे त्यांनी बघायला हवं."

तेव्हा बाई म्हणाल्या, "मग आमच्या गावात कर."

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारला प्रयोग ठरला. मांडव पाटलांनी दिला. ते स्वतः प्रमुख पाहुणे. गिरणीवाल्याचं काम करणारा शहरातला नट ऐन वेळी बँकेच्या बदलीवर गेला, तर बाईंनीच ज्ञानूचं नाव सुचवलं. ज्ञानू पाटलांचा गडी. सुगीत भात मोजायला तोच बसायचा. गावच्या सोंगी भजनात असा रंगायचा की म्हाताऱ्या हसून हसून पोट धरायच्या. चार दिवसांत त्यानं सगळं पाठ केलं. त्याची सात वर्षांची पोर सगुणा बाईंच्याच वर्गात होती. मरणाऱ्या पोरीचं काम तिनं मागून घेतलं. "बाच्या हातनं मरायचं हाय न्हवं? मग मला भ्या न्हाई," असं तिनं बाईंना बजावून सांगितलं.

शहरातल्या प्रयोगातलं पुठ्ठ्याचं माप टेम्पोत चेपलं होतं. बाई म्हणाल्या, "गुऱ्हाळातली पायली घ्या. पोरं आणतील उचलून." चिनी माप कसं असतं ते कुणाला माहीत होतं? कुणाच्याच मनात काही आलं नाही. ज्ञानूच्याही नाही.

पाटलांनी नारळ फोडला आणि दोन शब्द बोलले. "चीनमदी गरिबावर लई अन्याय हुता. आपल्या गावात देवाच्या दयेनं तसलं काय न्हाय. तवा शांततेत बगा." मग ते पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसले. बाकी गाव तरटावर. बाई पुढच्या बाजूला बायकांत बसल्या.

पहिला अंक लोकांनी चेष्टेवारी नेला. कॉलेजची पोरं बांबूच्या टोप्या घालून आली तेव्हा मागून कुणी ओरडलं, "आरं, डोस्क्यावर सुपं घेऊन कुटं निगालासा?" सगळे हसले. ज्ञानू रेशमी झगा घालून आला तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. "ज्ञानबा, बायकूचं पातळ नेसलास व्हय रं?"

दुसऱ्या अंकात तो माप घ्यायला बसला. पुस्तकात साधं लिहिलं होतं: एक, दोन, तीन. ज्ञानूनं तालमीत तसंच म्हटलं होतं. पण तालमीत हातात रिकामा डबा असायचा. आज ती पायली मांड्यांत आली, भात सळसळत आत पडलं, आणि त्याच्या हातांनी बावीस वर्षांची सवय धरली. पहिलं माप त्यानं उजवीकडं ओतलं आणि सूर लावला, "लाभऽऽ." दुसरंही तिकडंच. "लाभऽऽ." मग डावीकडं वळून, जणू आत्ताच बसलो असं, "एऽक."

पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायची रीत सगळ्या मुलखात आहे. पण ते मोजणीत धरतात. पाटलांच्या गुऱ्हाळात मात्र लाभाची दोन मापं निराळी, फुकटातच पडत आणि मोजणी त्यानंतर सुरू होई. हे गावातला प्रत्येक माणूस जाणून होता आणि कुणीही कधी तोंडातून काढलं नव्हतं.

मांडवात हसू आलं, पण ते पहिल्यासारखं नव्हतं. तोंड न उघडता हसल्यासारखं. बाईंच्या शेजारची बयाबाई हळू म्हणाली, "आगं बया, ही तर आमची पायली."

बाईंनी पाटलांकडं पाहिलं. पाटलांची मान हलली नव्हती, फक्त पाय हलायचा थांबला होता.

ज्ञानूला वाटलं, काम रंगतंय. तो आणखी सूर ओढू लागला. पोरीच्या गालात दाणे सापडले, त्यानं काठी उचलली, सगुणा कोसळली. कोल्हापुरात या ठिकाणी हुंदके ऐकू आले होते. इथं एक तान्हं पोर रडत होतं, तेवढंच. मग मागून आकाराम उभा राहिला. पाटलांचाच वाटेकरी, भला दांडगा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"खाली बसा हो!" कुणीतरी म्हणालं.

"बसलोय की आजवर," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

शेवटच्या प्रवेशात कॉलेजच्या पोरांनी गिरणीवाल्याला ढकलून त्याच्यावर तुसाची पोती उपडी केली, तेव्हा आकाराम रंगमंचावर चढला होता. त्याच्यामागं गुंडू, मग जोतीराम, मग मोजदाद राहिली नाही. बांबूच्या टोप्या पायदळी गेल्या, कॉलेजची पोरं बाजूला फेकली गेली. बायका पदरातनं तूस भरभरून त्याच्या तोंडावर घालत होत्या. ज्ञानू ओरडत होता, "आरं, मी ज्ञानू हाय! ज्ञानू हाय मी!" आणि ते मारतच होते. कुणी त्याला ओळखलं नाही असं नव्हतं. पण ज्याला मारायचं तो पहिल्या ओळीत खुर्चीवर बसला होता, आणि त्या खुर्चीकडं एकाचाही हात गेला नाही.

पाटील उठले, धोतराचा सोगा झटकला आणि जीपकडं चालत गेले. दहा मिनिटांनी तीच जीप परत आली आणि ज्ञानूला कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात घेऊन गेली. जीप नसती तर तो वाटेतच गेला असता. तीन बरगड्या मोडल्या होत्या. उजवा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या. ज्ञानूची बायको विठाबाई खाटेखाली बसली होती. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"बाई, तुमी समद्यांस्नी वळखता. कुनी कुनी मारलं त्ये सांगा पोलिसास्नी. पाटील म्हनत्यात, नावं कळली तर केस हुईल."

"विठाबाई, ते सगळे आपलेच..."

"आपलं?" विठाबाई म्हणाली. "आपल्यानं डोळा फोडला तर दुकत न्हाय व्हय?"

माधव बाहेर बाकावर बसून होता. "अक्का, मला हे हवं होतं गं," तो म्हणाला. "लोकांना काहीतरी व्हायला हवं होतं." बाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि लगेच आठवलं की पायली आपण दिली.

तिसऱ्या दिवशी बाई एसटीतून उतरल्या तर पाटील गुऱ्हाळाच्या दारात उभे.

"या, बाई. माझं काय म्हननं न्हाय. नाटक हुतं, झालं. पर ज्ञानू बी गरीबच हाय न्हवं? त्येला न्याय नगं? दुपारी हवालदार येतोय. चार नावं सांगा, तुमची शाळा म्होरं चालू. न्हाय सांगितलीसा, तर उद्यापासनं कुलूप. कुनाची बाजू घ्यायची त्ये तुमी ठरवा. शिकलेल्या हायसा."

ते बोलत होते अगदी मऊ. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, हेच बाईंना सहन होईना. चार नावं सांगितली की चार घरं उठणार, आणि चारांवर थांबणारही नाही. नाही सांगितली तर ज्ञानूच्या डोळ्याचा जबाब कुणी द्यायचा? पोरं एक एक करून येत होती, पाट्या काढत होती. बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली. खडू दोनदा मोडला. त्यांनी ठरवलं: काही दिसलं नाही म्हणायचं. मग पाटलांचे पाय धरायचे. धरू, त्यात काय. तेवीस पोरांसाठी पाय धरायला लाज कसली?

हवालदार एकच्या सुमाराला आला. पाटील त्याच्यामागं दारातच थांबले. पोरं उठून उभी राहिली, "नमस्तेऽऽ" म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली. आज दवाखान्यातून मामाबरोबर आलेली सगुणाही पुढच्या ओळीत होती.

"बाई, तुमी म्होरंच बसला हुता म्हनं," हवालदार म्हणाला. "रंगमंचावर कोन कोन चढलं?"

"तुसाची फार धूळ उडाली होती," बाई म्हणाल्या. "मला काही दिसलं नाही."

"कायबी दिसलं न्हाय?"

"काहीच नाही."

तेवढ्यात मधल्या ओळीतून हात वर झाला. गुंडूचा म्हाद्या. सहा वर्षांचा. "बाई, दिसत हुतं की!"

"म्हादू, खाली बस."

"माजा बा दुसरा चढला! आकारामकाकाच्या मागनं!"

त्याचा चेहरा उजळला होता. नाटकात दुष्टाला मारणारा शूर, हे त्याला नीट समजलं होतं. आपला बाप शूर निघाला होता.

"माजा बा तिसरा!" जोतीरामची सुली ओरडली.

"हॅट! तुजा बा कुटला? माजा बा तिसरा, त्येनं लाथ घातली!"

"माज्या आयनं वटाभर तूस त्वांडात घातलं!"

"गप्प बसा!" बाई ओरडल्या. त्या या पोरांवर आजवर कधी ओरडल्या नव्हत्या, म्हणून ओरडणं कुणाला ओळखूच आलं नाही. त्यांनी टाळी वाजवली. पोरांना वाटलं, शाबासकी. आणखी हात वर झाले. हवालदार खाली वाकून म्हणाला, "एकेक, एकेक सांगा, बाळांनो. बाचं पुरं नाव येतंय न्हवं?"

येत होतं. स्वतःचं, बापाचं, आडनाव, असं पुरं नाव उभं राहून, स्पष्ट आवाजात सांगायला बाईंनीच त्यांना दिवाळीआधी शिकवलं होतं. म्हाद्यानं सांगितलं. सुलीनं सांगितलं. हवालदाराची पेन्सिल चालत राहिली. बाई त्याच्या आणि पोरांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, तर पोरं त्यांच्या बाजूनं माना काढून सांगू लागली.

मग सगुणा उठली.

"ह्यांच्या बांनी माज्या बाचा डोळा फोडला," ती म्हणाली. ती हवालदाराकडं बघत नव्हती. "आनि बाई, तुमी म्हनलासा, दिसलं न्हाय."

म्हाद्या एकदा सगुणाकडं, एकदा बाईंकडं बघत होता. त्याचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

हवालदारानं वही मिटली. पाटील दारातून म्हणाले, "चला. बाईस्नी तरास नगं. पोरं हुशार केल्यात बाईंनी."

संध्याकाळपर्यंत पोलिसांनी नऊ माणसं नेली. रात्रीत आणखी सहा घरं भांडीकुंडी घेऊन कर्नाटकाकडं गेली. पाटलांनी शब्द पाळला. गुऱ्हाळाला कुलूप लावलं नाही, उलट गडी पाठवून झाडून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या एसटीनं आल्या, फळ्यावर तारीख लिहिली आणि दाराकडं तोंड करून बसल्या. साडेअकराला बयाबाई रस्त्यानं गेली. तिनं आत पाहिलं नाही. तीन वाजेपर्यंत कुणी आलं नाही, आणि तीनची एसटी त्या दिवशी अगदी वेळेवर आली.