माझ्यावरचं पायपुसणं

मित्रांनो, जरा वाकून बघा. काउंटरच्या मागे, अस्तरांच्या गठ्ठ्याशेजारी जो सागवानी स्टूल दिसतोय ना, तो मी. एक पाय किंचित डुगडुगतो, पण अजून ठणठणीत आहे. मुलुंडला पाच रस्त्याजवळ भाऊंचं मॅचिंग सेंटर आहे, तिथे मी एकवीस वर्षं नोकरी केली. त्यातली एकवीस वर्षं माझ्यावर कुणी बसलंच नाही, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. आता मलाही हसू येतं.

माझा जन्म भांडुपचा. कुंडलिक नावाच्या सुताराने मला घडवलं. बाकीचे सुतार चार पाय ठोकतात, वर फळी मारतात आणि मोकळे होतात. कुंडलिक तसा नव्हता. त्याने माझी बसायची जागा रंध्याने मध्ये किंचित खोलगट केली, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली, आणि स्वतः बसून पाहिलं. मग उठून पुन्हा थोडं घासलं. बसणाऱ्याला आराम वाटला पाहिजे, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. मला कोण आनंद झाला! वाटलं, आपल्या नशिबात मोठमोठी माणसं बसणार.

नशिबात आले पाय!

त्याचं असं झालं. मॅचिंग सेंटर म्हणजे छतापर्यंत कप्पे. ब्लाउज पीस, परकर, फॉल, अस्तर. मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, चिंतामणी, एकेका रंगाच्या दहा-दहा छटा. वरचा माल काढायला काहीतरी हवंच, म्हणून भाऊंनी मला आणलं. भाऊ म्हणजे दुकानाचे मालक. माणूस वाईट नाही, पण हट्टी. कापड म्हणजे लक्ष्मी, म्हणून दुकानात चप्पल चालत नाही. कामाला असलेल्या सगळ्या मुली दिवसभर गार लादीवर अनवाणी उभ्या. माझ्या गुळगुळीत अंगावरून दुसऱ्याच दिवशी कुणाचा तरी पाय घसरला. तेव्हा भाऊंनी काय करावं? काथ्याचं एक पायपुसणं आणलं आणि आठ चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून माझ्या डोक्यावर ठोकून टाकलं. कुंडलिकची सगळी मेहनत त्याखाली गडप झाली. मी महिनाभर रुसून बसलो. पण स्टुलाचा रुसवा कुणाला कळतो?

माझी समजूत घातली ती शकुताईने. दुकानातली सगळ्यात जुनी बाई. ती भांडुपहून येते. माझ्यावर पाय ठेवायचा म्हणून ती रोज सकाळी आधी मला हात लावायची आणि तो हात कपाळाला टेकवायची. एकही दिवस चुकली नाही. आणि नजर काय तिची! बायका साडी घेऊन पीस दाराशी नेतात, उन्हात धरतात, मान हलवतात, परत येतात. शकुताईला ऊन लागत नसे. साडीचा पदर एकदा बघितला की तिचा हात नेमक्या पिसावर जायचा. सगळं मुलुंड तिचं नाव घेत यायचं.

पण एकवीस वर्षं रोज दहा तास उभं राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे? गेल्या दिवाळीनंतर तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून निळ्या झाल्या. माझ्यावर चढताना ती कळ दाबत ओठ चावायची. मला तिचा पाय थरथरलेला कळायचा, पण सांगणार कुणाला? डॉक्टरांनी बजावलं, सतत उभं राहणं बंद करा, नाहीतर काम सोडा. तिने भीतभीतच भाऊंना विचारलं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा थोडं बसू का?

भाऊंचं एक ठाम मत होतं. दुकानदार बसलेला दिसला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. त्यांच्या वडिलांनी त्यांना तसं शिकवलं होतं. ते ओशाळून म्हणाले, "शकु, एकीला बसवलं की सगळ्याच बसतील. नाहीच जमत तर या महिनाअखेरपर्यंत बघ, मग घरी आराम कर."

शकुताईचं घर तिच्या पगारावर चालतं. आणि रंगांशिवाय ती घरी काय करणार होती? त्या दिवशी तिने एका बाईला चुकीचा पीस काढून दिला. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. बसण्यासाठीच जन्मलेला मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो, आणि माझ्या डोक्यावर पायपुसणं होतं.

त्याच महिन्यात क्षमा मॅडम आल्या. सरकारच्या कामगार खात्याच्या निरीक्षक. भाऊंची तर वाटच लागली. त्यांनी पंखा वाढवला, चहा मागवला. मॅडमनी चहाला नको म्हटलं. दंड करायला आले नाही, आधी समजावून सांगायला आले, असं म्हणून त्यांनी नव्या कामगार कायद्यांबद्दल सांगितलं. प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं. ठरावीक वय उलटलेल्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची. आणि ज्यांना उभ्याने काम करावं लागतं, त्यांच्यासाठी बसायची सोय ठेवायची.

"आहे की!" भाऊ उत्साहाने म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तर थक्कच झालो.

मॅडमनी शकुताईकडे वळून सांगितलं, ताई, हा स्टूल तुम्ही कसा वापरता ते दाखवा बघू.

शकुताई पुढे आली. रोजच्यासारखा तिने मला हात लावला, कपाळाला टेकवला. मग पदर खोचला, ओठ चावला, माझ्यावर चढली, आणि वरच्या कप्प्याला हात घालून अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "कुठला रंग काढू, मॅडम?"

मानसी नावाची सगळ्यात धाकटी मुलगी परकरांच्या गठ्ठ्याआड तोंड लपवून हसत होती. शकुताईला आपलं काय चुकलं तेच कळेना. तिच्या मनात तक्रार नव्हती हो. स्टूल म्हणजे चढायचं, एवढंच तिला इतकी वर्षं माहीत होतं.

मॅडमनी तिला हात देऊन खाली उतरवलं. मग शांतपणे भाऊंनाच माझ्यावर बसायला सांगितलं. भाऊ बसले आणि तितक्याच वेगाने उठले! काथ्या टोचला, वर एक चूक डोकं काढून होती, तीही लागली. मागची बाजू चोळत ते उभे राहिले. मॅडमना हसू आवरलं नाही, पण बोलणं मात्र स्पष्ट होतं.

"भाऊ, कायद्यात बसायची सोय लिहिली आहे, चढायची नाही. पंधरा दिवसांनी मी पुन्हा येते."

मॅडम गेल्यावर भाऊ गल्ल्यावर जाऊन बसले. गल्ल्यावर गादीची खुर्ची आहे, बरं का. बहुतेक तेव्हाच ते त्यांच्या लक्षात आलं असावं. ते उठले, पक्कड घेतली आणि स्वतःच्या हाताने एकेक चूक उपटली. पायपुसणं निघालं. मानसीने ओल्या फडक्याने मला पुसलं, आणि कुंडलिकने घासलेली खोलगट जागा एकवीस वर्षांनी उजेडात आली. मला गुदगुल्या झाल्या! चार दिवसांत आणखी पाच स्टूल आले आणि चढण्यासाठी एक लोखंडी घोडी आली.

पण सवय अशी सुटते थोडीच? भाऊ म्हणायचे बस, शकुताई माझ्यावर टेकायची, दारात गिऱ्हाईक दिसलं की ताडकन उभी! भाऊंच्या कपाळावरही आठ्या यायच्या. महिनाअखेरीचं बोलणं त्यांनी मागे घेतलं नव्हतं, आणि तिला विचारायचा धीर होत नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक आजी आल्या. नातीच्या लग्नाची साडी घेऊन. रंग असा की धड आमसुली नाही, धड वांगी नाही. तीन दुकानं फिरून दमल्या होत्या. शकुताई बसलेली पाहून त्या जरा तुटकपणे म्हणाल्या, उठून दाखवता का जरा? शकुताई दचकून उठू लागली. मी जीव मुठीत धरून भाऊंकडे पाहिलं.

भाऊ गल्ल्यावरून उठले. "तिला बसू द्या, आजी," ते म्हणाले. "पायांनी नाही, डोळ्यांनी काम करते ती. वरचं मी काढतो."

आणि साठीचे भाऊ घोडीवर चढले! शकुताई खालून सांगत होती, तो नाही भाऊ, त्याच्या डावीकडचा, नाही, त्याच्याखालचा. भाऊ धापा टाकत पीस काढत होते. चौथा पीस आजींनी दाराशी नेला, उन्हात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला. परत येऊन त्यांनी भाऊंना काय विचारलं असेल? मलाही एक स्टूल मिळेल का हो! मग शकुताईशेजारी बसून त्यांनी तासभर सगळ्या वऱ्हाडाची खरेदी केली. गिऱ्हाईक कुठे पुढच्या दुकानात गेलं नाही.

सोमवारी एक तारीख होती. भाऊंनी शकुताईच्या हातात एक कागद दिला. तिचं नियुक्तीपत्र. स्वतःचं पूर्ण नाव तिने दोनदा वाचलं आणि माझ्यावर बसून ती खूप रडली. मीही रडलो असतो, पण लाकडाला पाणी चांगलं नाही.

मित्रांनो, आईबरोबर दुकानात जाल तेव्हा काउंटरमागची ताई बसलेली दिसली तर तिला आळशी समजू नका. तिला उठवू नका. आणि ती उभी असेल, तर तिच्या मागे एखादा स्टूल आहे का, तेवढं बघा. नसला तर मालकांना विचारा. लहान मुलांनी विचारलं की मोठी माणसं ओशाळतात.

शकुताईच्या पायांची सूज आता बरीच उतरलीय. ती माझ्यावर पाय ठेवत नाही, तरी सकाळी आल्या आल्या मला हात लावून कपाळाला टेकवतेच. मी रोज मनात म्हणतो, बाई गं, नमस्कार राहू दे, आधी बस.