माझ्या घरघरीआड

मित्रांनो, ‘मी एक जुना कॉम्प्युटर आहे’ असं म्हणून सुरुवात करायची रीत आहे, पण तसं म्हणताना माझी पंचाईत होते. माझा बाहेरचा पत्रा जुना आहे, त्यावरचा लांबलचक ओरखडाही जुनाच. आत मात्र गेल्या दिवाळीनंतर जवळजवळ सगळं नवं भरलेलं आहे. पोट नवं आणि कातडी जुनी, अशा प्राण्याने स्वतःला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. मी काही त्यावर भांडत बसणार नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे आणि ते मनात ठेवून मला चैन पडत नाही.

मी राहतो पळसदरीला, प्रवीणच्या घरी. मी कुठल्या कारखान्यातून खोक्यात बसून आलेला नाही. कर्जतला जितेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो आणि प्रवीण कॉलेजातले दोस्त. दोघांनी मिळून दुकानाच्या फरशीवर बसकण मारली आणि कुठून कुठून जमवलेले भाग एकत्र करून मला उभं केलं. आतल्या वायरी कशाही कोंबलेल्या होत्या. झाकण लागेना तेव्हा जितेशने गुडघ्याने दाबून लावलं. तरी बटण दाबल्याबरोबर मी सुरू झालो आणि दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

घरी मला आणलं ते येसाजींनी. येसाजी म्हणजे प्रवीणचे वडील. ते तेव्हा भाताच्या गिरणीत कामाला होते. सुट्टी झाल्यावर तसेच दुकानात आले आणि रिक्षात मला मांडीवर घेऊन बसले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ते मला दोन्ही हातांनी छातीशी धरत. माझ्या अंगावर पहिली धूळ पडली ती त्यांच्या सदऱ्यावरच्या कोंड्याची. ते मला कॉम्प्युटर कधी म्हणाले नाहीत. ‘पेटी’ म्हणायचे.

प्रवीणची आई तो शाळेत असतानाच गेली होती. धाकटी बहीण समीक्षा लग्न होऊन पोशीरला गेली. त्यामुळे घरात बापलेक दोघंच, आणि तिसरा मी. दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोहोचलेली. अलीकडे प्रवीण आणि मी, पलीकडे येसाजींची खाट.

आमचं काम मजेचं होतं. कर्जत-खालापूरकडे जागा घेणाऱ्या मंडळींना आपला बंगला कसा दिसेल ते आधीच बघायचं असतं. ज्याचा पाया खणलेला नाही असा बंगला प्रवीण माझ्याकडून हुबेहूब काढून घ्यायचा. खिडकीतून येणारं ऊन, ओट्यावरची कुंडी, पाण्यात पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब, सगळं. या कामात माझी चांगलीच दमछाक व्हायची. अंग तापायचं, आतले पंखे भिरभिरायला लागायचे. पण चित्र पुरं झालं की प्रवीण माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचा, “वाघ हाय आपला.” ती थाप मला फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

मग वर्षं गेली आणि माझ्याकडे बघायला कुणाला सवड उरली नाही. काम वाढलं, तशी माझ्या पोटात धूळही वाढली. रस्त्यावरच्या डंपरची लाल माती, मळणीच्या दिवसांतलं भुस्कट, सगळं आत जाऊन बसलं. पंखे जड झाले. जरा काम दिलं की माझी घरघर सुरू व्हायची.

त्याच सुमारास येसाजींचीही सुरू झाली. गिरणीतला कोंडा इतकी वर्षं त्यांच्या छातीत गेला होता. दम लागायला लागला म्हणून त्यांनी गिरणी सोडली, आणि दिवसाचा बराच वेळ ते खाटेवर बसून राहू लागले. भिंतीच्या एका अंगाला माझी घरघर, दुसऱ्या अंगाला त्यांची. ऐकणाऱ्याला कुठली कुणाची हे कळलं नसतं.

एकदा प्रवीण व्हिडिओ कॉलवर होता. पलीकडे एका बंगल्याचे होणारे मालक होते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “मागे कसली घरघर येतेय हो? घरात कुणी आजारी आहे का?”

“नाही, नाही,” प्रवीण घाईघाईने म्हणाला, “कॉम्प्युटरचा फॅन आहे. जुना झालाय.”

मित्रांनो, मी त्या वेळी रिकामाच बसलो होतो. माझे पंखे जेमतेम फिरत होते. तो आवाज येसाजींचा होता आणि हे प्रवीणला चांगलं ठाऊक होतं. मी मुकाट्याने आळ घेतला. भिंतीपलीकडचा आवाज लगेच थांबला. मला वाटलं, उबळ ओसरली असेल.

त्या कॉलनंतर प्रवीणच्या डोक्यात मला शांत करायचं खूळ शिरलं. दिवाळी झाल्यावर एका रविवारी त्याने जितेशला बोलावून घेतलं. पडवीत चादर अंथरली, मला आडवं केलं आणि झाकण काढलं. येसाजी खुर्ची ओढून कौतुकाने बघत बसले. जितेशने ब्लोअर लावला मात्र, माझ्या पोटातून असा काही लोट निघाला की तिघेही माखले. येसाजींना जोराची ढास लागली.

“बाबा, तुमी आत जावा ना,” प्रवीण मान वर न करता म्हणाला. ते गेले.

मग माझं नशीब उघडलं. जुने खडखडे पंखे गेले, संथ फिरणारे मोठे पंखे आले. त्यांचा थरथराट पत्र्यात उतरू नये म्हणून प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती बसली. धूळ अडवायला पुढे बारीक जाळी लागली. झाकणाला आतून फोम चिकटला. नवा मदरबोर्ड आला. आणि वायरी! एकेक वायर मागच्या बाजूने फिरवून, सारख्या वळणाने आणून प्रवीणने पट्टीने बांधली. एक वळण मनासारखं येईना म्हणून त्याने ते तीन वेळा सोडलं. इतक्या मायेने माझ्या आत कुणीच कधी हात घातला नव्हता. मी हरखून गेलो होतो. आता आठवलं की त्या हरखण्याचीच लाज वाटते.

बटण दाबलं, तर जितेश विचारतो, “चालू हाय का रं?” मागे हात धरून वारा लागला तेव्हा कुठे त्याची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी प्रवीणने कौतुकाने जितेशला फोन केला. मी तो शब्दन् शब्द ऐकला. “काय सुख हाय सांगू तुला? डोकं उठवलेलं नुसतं त्या घरघरीनं. दिवस नाय, रात्र नाय. वैतागलेलो मी. आता शांत झालं एकदाचं. सुटलो बघ.”

एवढंच. त्यात ना कॉम्प्युटरचं नाव आलं, ना पंख्याचं. आणि आमची भिंत छतापर्यंत पोहोचत नाही, हे मी सांगितलंच आहे.

फोन ठेवून तो कामाला बसला. खोली अगदी निवांत झाली होती. आणि त्या निवांतपणात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, पलीकडचा श्वास स्पष्ट ऐकू आला. आत जाताना बारीक शिट्टी वाजायची, बाहेर येताना खरखर. मध्येच तो श्वास अडायचा, आणि मग अडलेलं काहीतरी सुटल्यासारखा पुन्हा सुरू व्हायचा. प्रवीणचा माऊसवरचा हात थांबला. तो बराच वेळ ऐकत राहिला. मला वाटलं, आता हा उठेल, भिंतीला वळसा घालून पलीकडे जाईल.

त्याने टेबलावरचा हेडफोन उचलला आणि कानांवर चढवला.

पलीकडे चहा करून येसाजी नेमके त्याच वेळी कप घेऊन दारात आले होते. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि आवाज न करता परत गेले. प्रवीणने चहा प्यायला, पण तो कुणी आणून ठेवला हे बघायला मान वळवली नाही.

पुढच्या दोन-चार दिवसांत येसाजींनी पिशवी भरली. “समीकडं जातो जरा. राहतो चार दिस.”

“असं अचानक?” प्रवीणने विचारलं.

“असंच रं. तुलाबी काम हाय.”

प्रवीणने त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि येऊन कामाला लागला. सुरुवातीला त्याला बरंच वाटलं असावं. हेडफोन टेबलावर पडून राहिला. पण मग तो काम करता करता मध्येच थांबून भिंतीकडे बघायला लागला. भात एकट्यापुरता शिजवायचा त्याला अंदाज येईना. चार दिवसांचे पंधरा झाले तरी येसाजी येईनात, तेव्हा समीक्षाचाच फोन आला. प्रवीणने तो स्पीकरवर ठेवला होता.

“दादा, बाबा घरी यायचं नावच काढत नाय. तू काय बोललास त्यांना?”

“मी? काय नाय गं.”

“मंग ते असं का म्हणतात, का प्रवीणला जरा सुखानं राहू दे? तू फोनवर कुणाला सांगत व्हतास म्हणे. घरघरीला वैतागलो, सुटलो एकदाचा.”

प्रवीण आधी गोंधळला, आणि मग मोठ्याने हसला. “अगं येडे, ते मी कॉम्प्युटरचं बोलत व्हतो.”

समीक्षा हसली नाही. “मंग येऊन तसं सांग त्यांना. आन दादा, छाती लय वाजते रं त्यांची. तुला कवा ऐकू नाय आलं?”

प्रवीणचं हसू मावळलं. उत्तर मी देऊ शकलो असतो, पण मला वाचा कुठे आहे?

तो तसाच पोशीरला गेला आणि दुपारी येसाजींना घेऊन आला. त्यांना दम खाऊ दिला, पाणी दिलं, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. मग खाली बसून त्याने माझं झाकण काढलं, जणू मी कोर्टातला पुरावाच.

“ह्ये बघा बाबा. ह्याची घरघर. मी ह्याला बोललो, तुमाला नाय.”

येसाजींनी वाकून माझ्या आत बघितलं. “वायरी झ्याक बांधल्यास. भारे बांधल्यागत.”

“बाबा, मी काय सांगतो?”

“असंल रं. मला वाटलं, माझंच बोललास. जाऊ दे ते.” त्यांनी श्वास जमवला. “पर खरं सांगू? ही पेटी वाजायची ना, ते मला बरं व्हतं. तिचा आवाज वाढला का मी मोकळा खोकून घ्यायचो. तुझ्या फोनमदी जायचं नाय. ती थांबली का मीबी थांबायचो.”

येसाजींनी माझ्या पत्र्यावरून हात फिरवला.

“आता ती गपच झाली. मंग दाबून ठेवायचं तरी किती? छाती फुटायची पाळी येते. समीकडं बरं पडतं. गुरं हाईत, बारकी पोरं हाईत. कोण ऐकत नाय.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नळाला पाणी यायची वेळ बदलल्याचं सांगावं, तसं ते सांगत होते. मी मात्र आतून गोठलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझा आवाज म्हणजे नुसती कटकट. त्या आवाजाच्या आडोशाला एक माणूस उभा होता, आणि सगळ्यांनी मिळून तो आडोसा काढला होता. सर्वांत खूश झालो होतो तो मी.

“बाबा,” प्रवीण खाली मान घालून म्हणाला, “मला ऐकू येत व्हतं. ह्यो गप झाल्यावर समदं ऐकू आलं. मी ऐकलं आन हेडफोन लावला.”

“म्हाईत हाय,” येसाजी म्हणाले. “च्या घेऊन मीच आलेलो ना.”

प्रवीणच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. त्याचा चेहरा मला समोरून दिसत होता. मला डोळे मिटता आले असते तर मी मिटले असते.

तेवढ्यात येसाजींना उबळ आली. त्यांनी सवयीने पंचा तोंडावर धरला, मान वळवली, खांदे आवळून घेतले. चेहरा लाल झाला, पण आवाज बाहेर आला नाही. किती सराईतपणे ते करत होते! प्रवीणने उठून त्यांचा हात धरला आणि पंचा बाजूला केला.

“दाबू नका, बाबा. खोका.”

ते खोकले. पुष्कळ वेळ खोकले. मी चालूच होतो, पण मध्ये घालायला माझ्याकडे काहीच आवाज नव्हता. प्रवीण त्यांच्या पाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसला.

आता कर्जतच्या डॉक्टरांचं औषध सुरू आहे. रोज दोन वेळा श्वासाचा पंप घ्यावा लागतो, आणि तो प्रवीण स्वतः हातात देतो. थोडा उतार आहे. पण डॉक्टरांनी सांगून टाकलंय की फार आधी यायला हवं होतं, छातीचं जे नुकसान झालं ते भरून येणार नाही. माझ्या पोटातली धूळ एका रविवारी निघाली. त्यांची निघणार नाही. हे वाक्य प्रवीण कुणापाशी बोललेला नाही, पण माझी जाळी धुताना त्याचा हात मध्येच थांबतो, तेव्हा मला ते कळतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरची धूळ जरूर झाडा, त्याच्या वायरी नीट बांधा. आम्हाला ते आवडतं. पण तुम्ही अभ्यासाला बसलात, फोनवर बोलत असलात, आणि घरातलं कुणी तोंडावर हात धरून चोरपावलांनी पलीकडे जात असेल, तर हातातलं काम टाकून त्यांच्या मागे जा. तोंडावरचा त्यांचा तो हात बाजूला करा. मला गप्प केलं तर माझं काही बिघडत नाही.