नऊ परसांचा निळा दांडा

त्या उन्हाळ्यात रामहरीनं पाणी प्यायलं कमी आणि मोजलंच जास्त. तो गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. लागोपाठ दुसऱ्या साली पावसानं दगा दिलेला, गायी आटलेल्या, चारशे लिटरची संस्था सत्तरवर आलेली. काम कमी व्हायला पाहिजे होतं की नाही? कुठलं काय! चेअरमन सुंदररावांनी नवंच लचांड त्याच्या गळ्यात टाकलं.

"रामहरी, गावाला एकच टँकर मिळायलाय. कोणत्या वस्तीला द्यायचा ते ठरवायला बुधवारी तालुक्याचे साहेब यायलेत. त्यांना आकडे वाचायला टाइम न्हाई. तू एक चितर काढ. बघितलं की कळलं पायजे."

मग काय, दोराला दगड बांधून रामहरी आठ वस्त्यांच्या आठ विहिरी हिंडला. इकडं विहीर परसानं मोजतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. पाणी जितकं खोल, तितके परस जास्त. रामहरीच्या स्वतःच्या ओढावस्तीत तीन परसांवर पाणी लागलं. माळवस्तीत नऊ परस दोर सोडला तेव्हा कुठं दगड ओला झाला. तिथली धडधाकट माणसं दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेली, मागं सगळी म्हातारी. त्यांनी नऊ परसांवरून घागर ओढायची म्हणजे जीव जायचं काम. टँकर त्यांनाच मिळणार, यात रामहरीला शंकाच नव्हती.

दोन दिवस तो कार्डशीटवर वाकून बसला. कंबरेचा काटा ढिला झाला, पण चित्र असं देखणं उतरलं की बघत राहावं. प्रत्येक विहिरीचा एक दांडा, एका परसाला दोन बोटं उंची. पाण्याचं चित्र म्हणून सगळे दांडे निळेशार रंगवले. वर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'आठ विहिरींचे पाणी, परसांत'. माळवस्तीचा दांडा सगळ्यांत उंच, पार कागदाच्या वरच्या कडेला टेकलेला; ओढावस्तीचा सगळ्यांत बुटका.

बुधवारी नेमकं दुधाचं फॅट मोजायचं मशीन बिघडलं आणि ते घेऊन रामहरी गेवराईला गेला. साहेब आले, सुंदररावांनी चित्र दाखवलं, साहेबांनी मोबाईलवर फोटो काढला, दहा मिनिटांत गाडी गेलीसुद्धा. शुक्रवारी हुकूम आला. टँकर ओढावस्तीला!

शेजारचा बंकट तर रामहरीच्या गळ्यातच पडला. "मानलं बे तुला! टँकर थेट दारात आणलास."

रामहरी चक्रावला. माळवस्ती सोडून आपल्याला कसा? पण साहेबांचा काही हिशेब असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर विचार करायला अंगात त्राणच उरलं नव्हतं. शिवाय घरी सरस्वतीबाई, त्याची बायको, दोन महिन्यांत पहिल्यांदा उंबऱ्यावर निवांत बसून चहा प्यायली. घागरी वाहून तिचे गुडघे सुजून भाकरीएवढे झालेले. ते बघून त्याला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी माळवस्तीची छबुबाई अर्धा लिटर दूध घालायला संस्थेत आली. सत्तरीची म्हातारी, तळहाताला दोराचे फोड. भिंतीवरच्या चित्राकडं तिचं लक्ष गेलं.

"हे काय रं रामहरी?"

"हिरीच्या पाण्याचं चितर हाय, मावशी."

म्हातारीनं सगळ्यांत उंच दांड्यावर बोट ठेवलं. "अगं माय! ही कुणाची हीर? लई पाणी हाय की हिला. आमाला दोन घागरी भरू देतील का रं तिथं?"

रामहरीच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी... ती तुमचीच हीर हाय."

"गरिबाची थट्टा करू नको, लेकरा." म्हातारी हसली. "आन् हीर अशी वर कावून चढवलीस? हीर खाली जाती."

ती गेली. रामहरी फॅटच्या मशीनशेजारी मटकन बसला. खोली मोजली आपण, आणि बघणाऱ्याला दिसलं पाणी. जिथं पाणी नाही तिथं सगळ्यांत जास्त निळा रंग फासलाय आपणच. स्वतःची अशी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

पण लाज वाटली म्हणून गुडघे बरे होत नसतात. चित्र दुरुस्त केलं की टँकर दारातून जाणार आणि सरस्वतीबाई पुन्हा विहिरीवर. कागद फाडून चुलीत घातला असता तर कुणाला कळणार होतं? दिवसभर तो नुसता बसून राहिला. संध्याकाळी त्यानं नवा कागद काढला.

या खेपेला त्यानं जमिनीची रेघ अगदी वर मारली आणि विहिरी तिच्यापासून खाली सोडल्या. कोरडी खोली मातकट, तळाशी पाणी तेवढं निळं, बोटभर. माळवस्तीची विहीर कागदात मावेना, म्हणून खाली दुसरा कागद डकवला.

नवं चित्र घेऊन तो तालुक्याला गेला. साहेबांनी ते उलगडलं. लोंबता कागद टेबलावरून खाली घसरला, त्याच्या शेवटापर्यंत त्यांची नजर गेली. मग त्यांनी मोबाईलमधला जुना फोटो काढून बघितला.

"म्हणजे मी उलटं वाचलं?"

"न्हाई साहेब. मी उलटं काढलं."

दुसऱ्या दिवशी टँकर माळवस्तीला गेला. बंकटनं भर चौकात शिव्या घातल्या. "डोकं फिरलं का बे तुझं? आलेला टँकर कुणी घालवतं का?" रामहरी मान खाली घालून घरी आला. कुणाशी भांडायची ताकद नव्हती. सरस्वतीबाई घागर घासत होती. त्यानं दोन्ही चित्रं तिच्यापुढं पसरली आणि झालेलं सगळं सांगून टाकलं. आता ही आकांत करणार, असं धरूनच तो बसला.

तिनं पहिलं चित्र बघितलं, मग दुसरं.

"हे पैलं उलटं हाय, हे मी बघताक्षणी सांगितलं असतं," ती म्हणाली. "चेअरमनला दावलंत, साहेबाला दावलंत. घरात रोज पाणी मी वढते. मला कावून न्हाई दावलं?"

सरस्वतीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, घागर कमरेला लावली आणि विहिरीकडं निघाली.